दोन किलो भाजी

"पाच माणसांच्या घराला एका दिवसाला भाजी किती लागते?"

समाजमंदिराच्या फरशीवर बसलेल्या बावीस बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने हाताची ओंजळ करून दाखवली. दुसरी म्हणाली, "एक पेंडी." मग पेंडी मेथीची की पालकाची, आठवडी बाजारातली की गाडीवाल्याची, यावर थोडा वाद झाला. शेवटी "पावशेर, लई तर अर्धा किलो" यावर एकमत झालं. अंगणवाडीच्या ताईंनी पोरांचं वजन करायचा काटा पुढे ओढला आणि त्यावर एकेक भाजी ठेवायला सुरुवात केली. गवार, वांगी, दोन दोडके, लाल भोपळ्याची फोड, तांदुळजाच्या दोन जुड्या. काटा दोन किलोवर गेला तेव्हा मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आगं, लगीन हाय का कुणाचं?"

गाव बार्शी तालुक्यातलं. माझ्या आईचं माहेर तिथून दोन फाटे पलीकडे. गेल्या वर्षी माझ्या मामीला स्तनाचा कॅन्सर निघाला. तिच्या उपचारांसाठी जा-ये करताना या वर्गाची गोष्ट कानावर आली. बचतगटातल्या दोघी, अंगणवाडीच्या ताई आणि तीस-बत्तीस वर्षं उपकेंद्रात काढून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई, अशा चौघींनी श्रावणात सुरू केलेला आठ बुधवारांचा स्वयंपाकवर्ग. विषय: कॅन्सर टाळायचा तर काय आणि किती शिजवायचं. अनुदान नाही, फलक नाही. गॅस गटाचा, डाळ ज्यांची त्यांनी वाटीभर आणायची. आठांपैकी पाच बुधवार मी तिथे होते.

पाककृतींचा वर्ग म्हटलं की मला मे महिन्याची सुट्टी आठवते. पुण्या-मुंबईत आणि मागाहून तालुक्याच्या गावीही हे वर्ग चालले ते केक, आइसक्रीम, नानकटाई आणि 'हॉटेलसारखी' पनीरची भाजी शिकवायला. म्हणजे मैदा, साखर, लोणी, साय. जे रोज खायचं नाही ते शिकायचं, कारण रोजचं तर येतंच. इथे सगळं उलटं. आमटी, उसळ, पालेभाजी, धपाटे, म्हणजे या बायका तीस तीस वर्षं करत आल्या तेच. पहिल्या दिवशी एकीने मला दबक्या आवाजात विचारलं, "ताई, ह्यात शिकायचं काय हाय?" मलाही ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या बुधवारपर्यंत कळलं की इथे कृती कोणी शिकवतच नव्हतं. इथे माप शिकवत होते.

1970 साली आलेल्या 'रुचिरा'चं मोठं काम पदार्थांपेक्षा मापांचं आहे असं मला नेहमी वाटतं. घरातलीच वाटी आणि घरातलाच चमचा कमलाबाई ओगल्यांनी माप म्हणून बायकांच्या हाती दिला. पण ती मापं पदार्थ बिघडू नये म्हणून होती. खाणारा बिघडू नये म्हणून माप घ्यायचं, ही सवय आपल्या स्वयंपाकघराला कधी लागलीच नाही.

काट्यावरचे दोन किलो कुठून आले, ते सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. 2000 कॅलरींच्या ताटात दिवसाला 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळं, 250 ग्रॅम धान्यं, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं, आणि वरून घालायचं तेल-तूप 27 ग्रॅम, असा त्यांचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना थोडी उदार आहे, ती फळं आणि भाज्या मिळून 400 ग्रॅमवर थांबते. मिठाला मात्र तिची मर्यादा कडक: माणशी दिवसाला 5 ग्रॅम. हे आकडे कागदावर असेपर्यंत कोणाला त्रास देत नाहीत. वर्गातल्या चौघींनी केलं ते एवढंच, की आकडा पाचाने गुणला आणि महिन्याच्या किराणाच्या यादीला लावला. मीठ माणशी 5 ग्रॅम, म्हणजे घराला दिवसाला 25, म्हणजे एक किलोची पुडी चाळीस दिवस पुरायला हवी. "तुमची किती दिवस जाते?" एकीने वीस दिवस सांगितले, एकीने पंधरा. तेल महिन्याला चार किलोच्या आसपास, म्हणजे पाच लिटरच्या डब्यात महिना निघून थोडं उरायला हवं. उरत कोणाचंच नव्हतं. तिघींचा तर डबा तिसऱ्या आठवड्यातच आडवा होत होता.

मला हा भाग फार आवडला. 'तेल कमी खा' असं ऐकलं की बाई मान डोलावते आणि घरी जाऊन फोडणी करते तशीच करते, कारण कमी म्हणजे किती हे कोणी सांगितलेलं नसतं. डबा कोणत्या तारखेला संपला, हे मात्र तिला न विचारता पाठ असतं. तिथून पुढच्या आठवड्यापासून बायका एकमेकींना "पुडी फोडली का गं?" असं विचारू लागल्या. सासऱ्याला अळणी चालत नाही, नवरा ताट सरकवतो, या तक्रारी आल्याच. एकीने तोड काढली: भाजीत मीठ कमी घालायचं आणि ताटात वाढायचंच नाही. ज्याला हवं त्याने उठून घ्यावं. "उठतंय कोण?" ती म्हणाली, आणि सगळ्याजणी हसल्या.

भाजीचं गणित मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दोन किलो भाजी त्या आठवड्यात शंभर रुपयांच्या आत बसत नव्हती. महिन्याचे तीन हजार. खुरपणीला बाईला दिवसाचे तीनशे मिळत होते. म्हणजे महिन्यातले दहा दिवस नुसत्या भाजीसाठी खुरपायचं. फळांचा विषय तर निघायच्या आधीच मिटला. पेरूच्या दिवसांत पेरू, सीताफळाच्या दिवसांत सीताफळ, आणि बाकी वर्षभर आजाऱ्यासाठी केळी, हीच गावाची फळांची पद्धत. 'भरपूर भाज्या-फळं खा' असं सांगणाऱ्या कुठल्याही भित्तिपत्रकावर भाव लिहिलेला मी पाहिलेला नाही.

मग बांधावरची भाजी आली. तांदुळजा, घोळ, भाद्रपदात अंबाडी, बारा महिने शेवग्याचा पाला. म्हातारीला (तिला सगळे आक्का म्हणत, मीही म्हणू लागले) अशा पंधरा-वीस पाल्यांची नावं येत होती आणि कुठला कशात घालायचा तेही. कृषी विभाग गेली काही वर्षं ऑगस्टात रानभाज्यांचे महोत्सव भरवतो. तिथे टाळ्याही पडतात. पण आक्काने एक गोष्ट सांगितली ती कुठल्या महोत्सवात ऐकली नव्हती. "आता बांधावर हाय काय? औषीद मारत्यात. तण जातंय, भाजी बी जातीया." सोयाबीनमध्ये तणनाशक फिरलं की घोळ आणि तांदुळजा हे तणच. जी भाजी फुकट होती ती मजुरी वाचवताना गेली, आणि आता ती पेंडी बांधून विकत मिळते. शेवटी तोडगा निघाला तो मिसळण्याचा. धपाट्याच्या पिठात किसलेला भोपळा, डाळीत मूठभरऐवजी दोन ओंजळी पाला, मटकीच्या उसळीत दोडका. भाजी वेगळी 'करायची' नाही, जे होतंय त्यात घालायची. आठव्या बुधवारी विचारणा झाली तेव्हा सगळ्यात पुढे गेलेली बाई सव्वा किलोवर होती. दोन किलोवर कोणी पोचलं नाही.

चौथ्या बुधवारचं सांगायला हवं. त्या दिवशी नर्सबाईंनी पाच ताटं मांडली आणि एका सुनेला सांगितलं, "रोज घरी वाढतेस तसं वाढ." पहिलं सासऱ्याचं, दुसरं नवऱ्याचं, मग दोन मुलांची, शेवटचं तिचं. गवारीच्या शेंगा पहिल्या दोन ताटांत डावभर पडल्या, मुलांना त्याहून जरा कमी. शेवटच्या ताटात कढईच्या बुडाचं कालवण आणि त्यात चुकार चार शेंगा. तिने सवयीने वरून शेंगाची चटणी घेतली आणि भाकरी एक जास्त. कोणी काही बोललं नाही. तिने कोणाला सोडून वाढलं नव्हतं, कोणी तिला कमी घे म्हटलं नव्हतं. भाजी मुळात पाच माणसांची नव्हतीच, साडेतीन माणसांची होती, आणि उरलेलं दीड माणूस रोज कोण असतं ते ताटांनी सांगितलं. घरातली भाजी अर्ध्या किलोवरून किलोवर नेली तर जास्तीच्या अर्ध्या किलोतला मोठा वाटा तिच्या ताटात पडतो, कारण पहिली ताटं आधीच भरलेली असतात. या वर्गाचा सगळ्यात ठोस फायदा मला तिथे दिसला, आणि त्यासाठी घरात कोणाशी भांडावं लागत नाही.

आता मुळातला प्रश्न. भाजीने कॅन्सर टळतो का?

'टळतो' म्हणणारा फसवतो आणि 'काही संबंध नाही' म्हणणाराही. 1981 साली रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पीटो या दोन इंग्रज संशोधकांनी अंदाज मांडला, की अमेरिकेतल्या कॅन्सरच्या मृत्यूंपैकी 35 टक्के आहाराशी जोडलेले असावेत. हा आकडा जगभर फिरला. त्यांनी त्याच्याबरोबर लिहिलेली मर्यादा, 10 ते 70 टक्के, मात्र फिरली नाही. एवढी रुंद मर्यादा म्हणजे आपल्याला नीट माहीत नाही, हे सांगायची सभ्य रीत. त्यानंतर हे अंदाज कसाला लावले गेले आणि काही सपशेल आपटले. भाज्यांमधलं बीटा-कॅरोटीन कॅन्सर रोखत असेल या आशेने फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या, काहींना नाही. 1994 साली निकाल आला: गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाणं आणि गाजरातला एक पदार्थ काढून गिळणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. अमेरिकेत 48,835 स्त्रियांवर कमी स्निग्ध आहाराचा मोठा प्रयोग झाला. 2006 साली कळलं, की स्तनाच्या कॅन्सरमध्ये खात्रीने सांगावी अशी घट दिसली नाही.

उरलं काय, तर तेही थोडकं नाही. अंगावर वाढलेल्या चरबीचा संबंध 13 प्रकारच्या कॅन्सरांशी आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2016 साली सांगितलं. पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर, गर्भाशयाचा, मोठ्या आतड्याचा हे त्यात आहेत. दारूवर तिने 1988 मध्येच शिक्का मारलेला आहे. सॉसेज, सलामी यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, हे 2015 मध्ये जाहीर झालं. चोथ्याचं अन्न, म्हणजे कोंड्यासकट धान्यं आणि कडधान्यं, त्याच आतड्याला जपतं याचे पुरावे बरे आहेत. जपानमधून हवाईला गेलेल्या कुटुंबांत एक-दोन पिढ्यांतच आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण तिथल्या अमेरिकनांसारखं झालं. रक्त तेच, ताट बदललं. ताटाबरोबर बाकीचं आयुष्यही बदललं, हे अर्थात धरायलाच हवं.

हे सगळं नर्सबाईंनी तीन वाक्यांत सांगितलं. "पोट सुटू देऊ नका. तंबाखू-दारू घरात नको. ताटात निम्मी जागा भाजी-कडधान्याला द्या." आणि थोडं थांबून चौथं: "एवढं करूनबी होतो. मग लवकर या."

बार्शीत हे बोललं जातं, याला एक इतिहास आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 साली इथेच सुरू झाली, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली 346 गावं. शहरातली नोंदणी दवाखान्यातल्या कागदांवर चालते. इथे दवाखान्यात यायचंच कोण? म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली. अंगावरून जाणं, न भरणारी जखम, गिळताना अडकणं ही लक्षणं चावडीवर बसून सांगितली आणि पेशंटना बरोबर घेऊन आली. काही वर्षांत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या मानाने लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या, हे नव्वदच्या दशकात छापून आलं. औषध नवं नव्हतं. बोलणं नवं होतं.

त्या नोंदणीतून आणखी एक गोष्ट दिसत आली आहे. इथलं कॅन्सरचं प्रमाण मुंबईच्या साधारण निम्म्याच्या आसपास राहतं. हे वर्गात सांगितलं तेव्हा बायका खूश झाल्या. "आपली भाकरी!" एक म्हणाली. इथे मला नर्सबाईंचं कौतुक वाटलं, कारण टाळी घ्यायची सोडून त्यांनी ती अडवली. फरकात भाकरीचा वाटा असेल, पण लवकर होणारी मुलं, दिवसभराची अंगमेहनत, बारीक शरीरं यांचाही आहे. आणि ही सगळी कारणं आता पातळ होत चालली आहेत. शिवाय भाकरीचा अभिमान जरा तपासूनच घ्यावा. ज्वारीत 100 ग्रॅममागे चोथा 10 ग्रॅमच्या आसपास असतो. कोंडा न काढलेल्या गव्हाच्या पिठात तो 11 च्या पुढेच भरतो. चपातीने कोणाचं नुकसान होत नाही. खरी दरी आहे ती मैदा आणि पांढऱ्या तांदळाशी, तिथे तो 3 ग्रॅमलाही पोचत नाही. त्यामुळे मुलांच्या डब्यातलं टोस्ट आणि खारी हा विषय निघाला, आणि तो निघताच तिघी-चौघींनी पदर सावरून दुसरीकडे पाहिलं. मी स्वतः रोज सकाळी चहाबरोबर दोन खारी खाते, त्यामुळे मीही.

पाचवा बुधवार शेंगदाण्यांचा. सोलापूर जिल्ह्यात दाण्याच्या कुटाशिवाय कोरड्यास होत नाही आणि शेंगाच्या चटणीशिवाय पाहुणा उठत नाही. प्रत्येकीने घरच्या डब्यातले ओंजळभर दाणे आणले होते. ते वर्तमानपत्रावर पसरून निवडायला घेतले. गुळगुळीत टपोरे एकीकडे. सुरकुतलेले, काळपट, किडलेले, साल उडून हिरवट भुरी दिसणारे दुसरीकडे. दुसरा ढीग लहान होता, पण कोणाचाच रिकामा नव्हता. "हे दाणे कुठं जातात?" उत्तर सगळ्यांना माहीत होतं. खारे दाणे करताना चांगले वेचून घेतात, वाईट फेकवत नाहीत, मग ते कुटात जातात. कुटलं की सगळे दाणे एक.

त्या भुरीचं नाव अस्परजिलस फ्लेव्हस. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, आणि यकृताचा कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या यादीत ते आहे, तंबाखूच्या शेजारी. अंगात कावीळ 'ब'चा विषाणू असेल तर दोघे मिळून धोका कितीतरी पटीने वाढवतात. आपल्या देशाला याची ओळख फार वाईट रीतीने झाली. 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात पावसात भिजून बुरसटलेला मका खाऊन शंभरावर माणसं कावीळ होऊन गेली. गरिबांनी तो मका खाल्ला, कारण घरात दुसरं काही नव्हतं. दाणे भाजल्याने हे विष थोडं कमी होतं, जात नाही. धुतल्यानेही जात नाही. शेंग ओली असताना पोत्यात भरू नये, खळ्यावर नीट वाळवावी, दाणे फोडून महिनोन्महिने ठेवू नयेत आणि निवडताना हात सैल सोडावा. आक्काने वाईट दाणे पदरात घेतले. शेळीला घालायचे, म्हणाली. शेळीलाही घालू नका म्हटल्यावर ती खरोखर रागावली. "मग टाकून दिऊ? लक्षुमीला?"

तिने ते टाकले की नाही, मी पाहिलं नाही.

असे वर्ग जगात दुसरीकडेही चालतात, आणि काही ठिकाणी त्यांची नीट पारखही झाली आहे. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी स्पॅनिश बोलणाऱ्या, स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या 70 बायका घेतल्या. निम्म्यांना 12 आठवड्यांत 9 वर्ग, एकूण 24 तास: हाताने शिजवणं, बाजारात जाऊन खरेदी करणं, त्यांच्या सवयीच्या पदार्थांत बदल. उरलेल्यांना लेखी माहिती. सहा महिन्यांनी वर्गवाल्या बायकांच्या खाण्यात भाज्या-फळांची दिवसाला दोन वाढणी वाढली होती. कागदवाल्यांच्या ताटात फरक नव्हता. ऑस्ट्रेलियात इप्सविच गावी जेमी ऑलिव्हर या इंग्रज आचाऱ्याच्या नावाने दहा आठवड्यांचे वर्ग चालले. तिथे भाजी वाढली ती दिवसाला अर्ध्या वाढणीने. अर्धी वाढणी ऐकायला किती किरकोळ वाटते! पण दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती: आपल्याला हे जमतं असं माणसांना वाटू लागलं. यातल्या कुठल्याही वर्गाने कॅन्सर किती टळले ते मोजलेलं नाही. त्याला हजारो माणसं आणि वीस-तीस वर्षं लागतील. वर्ग फार तर तुम्हाला कढईपर्यंत आणतो.

वर्गाच्या बाहेर मोबाइल असतोच. लिंबाचं पाणी, कच्ची हळद, गरम नारळपाणी, 'साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल'. दर बुधवारी कोणीतरी एक नवा निरोप दाखवायचं. 2024 च्या नोव्हेंबरात एका माजी क्रिकेटपटूने पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर अशा आहाराने बरा झाल्याचं सांगितलं तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी 262 डॉक्टरांना पत्रक काढावं लागलं, की याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. माझ्या मामीलाही तिच्या भावाने हळदीच्या गोळ्यांची बाटली आणून दिली. तिने ती देव्हाऱ्यात ठेवली आहे. केमोला मात्र ती दर तीन आठवड्यांनी नेमाने गेली. हा तोडगा मला वाईट वाटत नाही.

आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर? तो भाजीने टळत नाही. तो एचपीव्ही या विषाणूचा, आणि त्यावर लस आहे, तपासणी आहे. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 497 गावांतल्या 1,31,746 बायकांवर झालेला प्रयोग जगाने वाखाणला. टाटा मेमोरियल, बार्शीचं हॉस्पिटल आणि आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांनी मिळून केलेल्या त्या कामाचा निकाल 2009 साली आला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. ज्यांच्या शेजारणींच्या अंगावर हे सिद्ध झालं, त्या बावीस बायकांपैकी तपासणी झालेल्या तीन निघाल्या. मला हा आकडा सव्वा किलो भाजीपेक्षा जास्त टोचला.

सातव्या बुधवारी नऊच जणी होत्या. सोयाबीनची काढणी लागली होती. त्या दिवशी चुलीवर तवा होता आणि विषय मिश्रीचा.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून चाळायची, ती मिश्री. बायका दात घासायच्या निमित्ताने बोटावर घेतात आणि हिरडीला लावून बसतात, सकाळी, जेवण झाल्यावर, काम सुरू करताना, भूक लागली की. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रात 24.4 टक्के प्रौढ धूर न करता तंबाखू घेत होते. सिगारेट-बिडीवाले 3.8 टक्केच. तंबाखूचा राज्यातला मोठा दरवाजा पानटपरी आहे तसा हा तवाही आहे. पुष्कळ घरांत तो वेगळा ठेवलेला असतो, काही घरांत नसतो. ज्या तव्यावर कॅन्सर टाळायचे धपाटे शिकायचे त्याच्यावरच हे भाजलं जातं, आणि वास घरभर असतो, तान्ह्या पोरापर्यंत. साठ पालेभाज्या खाल्ल्या तरी मिश्रीची बरोबरी होणार नाही, एवढं त्या दिवशी नर्सबाई स्पष्ट बोलल्या. ऐकणाऱ्या नऊ जणींपैकी पाचजणींच्या कमरेला डबी होती.

आक्का त्या पाचांतली. आठ वर्षांची असताना आजीने बोटाला लावली, तेव्हापासून. "भाजी दोन किलो आणायला सांगा, आणीन. ही न्हाय सुटायची." नर्सबाईंनी वाद घातला नाही. बॅटरी काढली आणि म्हणाल्या, "नका सोडू. तोंड तर उघडा." तिने नाही म्हटलं. दुसऱ्या बायकांनी उघडली, हसत, तोंडावर पदर धरून. आक्का दाणे पाखडत बसली.

शेवटच्या बुधवारी पंगत होती. पाल्याची पातळ भाजी, मटकी-दोडक्याची उसळ, भोपळ्याचे धपाटे, निवडलेल्या दाण्यांची चटणी. भांडी घासून झाल्यावर, बाकीच्या निघाल्यावर, आक्का ओट्याशी आली आणि काही न बोलता तोंड उघडून उभी राहिली. खालच्या ओठाच्या आत, जिथे ती बोट ठेवायची तिथे, पांढरा चट्टा होता. नर्सबाईंनी कापसाने पुसून पाहिला. तो पुसला गेला नाही. घाबरायचं कारण नाही, पण बार्शीला दाखवायचं, तुकडा काढून तपासायचा तर तो डॉक्टर ठरवतील, असं सांगून त्यांनी चिठ्ठी लिहिली. सकाळी पावणेनऊची एसटी.

आक्काने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, घडी घातली आणि डबीच्या शेजारी कमरेला खोचली.

"पावणेनऊला?" ती म्हणाली. "मग भाकऱ्या कोन थापंल?"

दारात चपला घालत असलेली सून वळली. "म्या थापते की. तुमी बसा यस्टीत."